टर्कीत सहा रात्री, मधला प्रवास विमानानं, दोनच शहरं करायची तर कुठली?

बेदाणेवाला:

राम राम मंडळी. तासगाव तालुक्यातला आहे, साडेचार एकर बाग, सगळा बेदाणाच करतो. पोरगा जर्मनीत शिकायलाय, दोन वर्षं झाली घरी आलेला न्हाई. आता त्यानंच काढलंय की पप्पा मला आठवडाच सुट्टी आहे, ती येण्याजाण्यातच जाईल, त्यापेक्षा तुम्ही अर्ध्या वाटेवर या मी अर्ध्या वाटेवर येतो, टर्कीत भेटू. मी बघितलं तर त्याला तीन तास आणि आम्हाला सात तास, म्हणजे अर्धी वाट ही त्याच्या हिशोबानं आहे, पण ते जाऊदे.

जाणार मी, सौ. आणि आई. आईचं वय ६९, माळकरी आहे. सवड एकच, तासगावचा रथ झाला की ऑक्टोबर छाटणीला हात लावेपर्यंत. तिथल्या सहा रात्री मिळतील. सांगलीत एका ट्रॅव्हल्सवाल्याकडं चौकशी केली तर त्यानं सहा रात्रीत इस्तंबूल, कापाडोकिया, पामुक्काले, अंताल्या सगळं कोंबलंय आणि त्यातल्या दोन रात्री बसमधेच. सौ.नं कागद वाचला आणि म्हणाली ह्यात झोपायचं कधी ते कुठं लिहिलंय.

माझं डोकं असं चाललंय की तिथं आतल्या आत विमानं भरपूर आहेत म्हणतात, तर दोनच शहरं धरावीत, मधे विमानानं जावं, आईला दमवू नये. पोराला कापाडोकियाचे ते माणसं घेऊन उडणारे मोठे फुगे बघायचेत. मला खरं सांगू का, मला तिथला बेदाणा बघायचाय. सौद्याला बसलं की दर पडायला कारण म्हणून टर्कीचं नाव किती वर्षं ऐकतोय, एकदा बघून तरी येऊ ते लोक करतात काय. हे जमण्यासारखं आहे का, व्हिसाचं काय, आणि आईच्या जेवणाचं काय, एवढं सांगा. लांबलचक झालं, माफी असावी.


पेठनाका:

आधी तो पॅकेजचा कागद फाडा. कापाडोकिया ते पामुक्काले रात्रभराची बस आहे, सकाळी उतरायचं आणि उन्हात त्या पांढऱ्या चुनखडीच्या पायऱ्यांवर अनवाणी चालायचं, चप्पल-बूट घालून चढूच देत नाहीत. ६९ वर्षांच्या माणसाला हे कशाला.

माझं मत इस्तंबूल ३ रात्री, कापाडोकिया ३ रात्री. इस्तंबूलहून विमानानं सव्वा तास फक्त. तिकडं दोन विमानतळ, नेवशेहिर जवळ पडतो, कायसेरी जरा लांब पण विमानं जास्त, दोन्हीकडनं हॉटेलवाले गाडी पाठवतात. राहायचं ग्योरेमेला. ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड आहे, त्यात कोरलेल्या खोल्या, जुन्या गुहेतल्या चर्चमधली चित्रं, १९८५ पासून जागतिक वारशात आहे ते. पोरगं फुगा म्हणतंय तर करा की, परत परत कोण जातंय.


भडंगप्रेमी:

फुग्याचं जरा दमानं घ्या. आम्ही जानेवारीत गेलेलो, दोन दिवस पहाटे चारला उठून आवरून बसलो आणि दोन्ही दिवस वाऱ्यामुळं रद्द. उडायची परवानगी सरकारी विमान खातं हवा बघून रोज पहाटे देतं, फुगेवाल्याच्या हातात काही नसतं. पैसे परत मिळाले पण तिथं गेलो कशासाठी हा प्रश्न राहिलाच. सप्टेंबरला हवा बरी असते, तरीपण पहिल्याच पहाटेचं बुकिंग घ्या म्हणजे रद्द झालं तर दुसरी पहाट हातात राहते. आणि काकूंना टोपलीत चढवायचा विचार असेल तर ऐका, त्या टोपलीला दार नसतं, बाजूच्या खाचेत पाय रोवून वरनं आत उतरायचं, आणि जमिनीला टेकताना गुडघे वाकवून घट्ट धरून बसायचं. आमच्या सासूबाई गच्चीवर शाल पांघरून बसून बघत होत्या आणि सगळ्यात जास्त मजा त्यांनाच आली. म्हणजे फुगे उडले असते तर आली असती, त्या दिवशी नुसतं आभाळ बघितलं.

दुसरी गोष्ट, आणि ही माझ्या अंगावर बेतलीय म्हणून मोठ्यानं सांगतोय. इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत. नवीन मोठा युरोपच्या बाजूला, २०१९ पासून सगळा कारभार तिथं, आणि दुसरा साबिहा ग्योकचेन आशियाच्या बाजूला. नाव एका बाईचं आहे, आधुनिक टर्की उभी करणाऱ्या अतातुर्कची मानसकन्या, लढाऊ विमान चालवायची. तर आमच्या एजंटनं स्वस्तात म्हणून आखातातनं फिरून जाणारं तिकीट काढलं, ते उतरलं साबिहाला, आणि कायसेरीचं विमान काढलं मोठ्या विमानतळावरनं, मधे साडेतीन तास आहेत की साहेब म्हणाला. साडेतीन तासात पासपोर्टची लाईन, बॅगा, आणि पुढं ८० किलोमीटर इस्तंबूलच्या ट्रॅफिकमधनं! सामुद्रधुनीवरच्या पुलावर गाडी उभी, बायको माझ्याकडं बघतीय, मी मीटरकडं बघतोय. विमान गेलं. नवीन तिकीट काढलं ते त्या स्वस्ताच्या दुप्पट. एजंटला फोन केला तर म्हणतो शहर तर एकच आहे ना साहेब.

तेव्हा तिकिटावर शहराचं नाव वाचू नका, विमानतळाचं वाचा.


कृष्णाकाठ:

मे २०२५ ला काय झालं विसरलात का सगळे? ते पाकिस्तानच्या बाजूनं उघड उभे राहिले, पुण्याच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांनी टर्कीची सफरचंदं घ्यायची बंद केली, आणि आपण इथनं पैसे घेऊन त्यांच्याच दारात जायचं? शेतकरी माणसानं तरी विचार करावा. पोराला ग्रीसला बोलवा.


बेदाणेवाला:

दादा तुमचं म्हणणं पटत न्हाई असं न्हाई. घरातही हेच झालं, धाकटा भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला न्हाई. पण ज्याच्या मालामुळं माझा दर पडतो म्हणतात त्याचं खळं बघून येणं मला गरजेचं वाटतंय, सफरचंदं विकत घ्यायला चाललो न्हाई. राग मान्य आहे, बोला तुम्ही, मी ऐकून घेतो.


पेठनाका:

राग जास्त ह्यासाठी आहे की २०२३ च्या फेब्रुवारीत तिथं भूकंप झाला तेव्हा ऑपरेशन दोस्त म्हणून आपलीच पथकं आणि फिल्ड हॉस्पिटल पहिल्यांदा पोचलेल्यांत होतं. ज्याला जायचं न्हाई त्यानं जाऊ नये, ज्याला जायचंय त्यानं जावं. ह्या धाग्यावर विमानाचं बोलूया, तो विषय चहाच्या टपरीवर रोज आहेच.


हळद_लागली:

दादा तुम्ही कापाडोकिया सोडा. हे ऐकून पेठनाकाला राग येईल पण बेदाणा बघायचाय आणि कापाडोकियाला जायचं म्हणजे तासगावच्या माणसानं हापूस बघायला नागपूरला जाण्यासारखं आहे. तुम्हाला इझमीरला जायचंय.

मी मसाल्याच्या निर्यातीत काम करायचे, सांगलीतच, त्या निमित्तानं इझमीरला दोनदा गेलेय, दोन्ही वेळा सप्टेंबर. टर्कीचा बहुतेक सगळा बिनबियांचा बेदाणा इझमीरच्या मागच्या गेदिझ नदीच्या खोऱ्यात होतो. मनिसा, तुर्गुतलू, सालिहली, अलाशेहिर ही गावं लक्षात ठेवा. मनिसा इझमीरपासून ४० किलोमीटरच्या आत आहे. तुमची काढणी फेब्रुवारी-मार्चची, त्यांची ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे तुमची सवड आणि त्यांची सुगी एकाच वेळी आलीय, हे नशीब समजा. वेळ घेऊन वगैरे जावं लागत नाही, दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी घ्यायची आणि त्या मैदानातनं जायचं, रस्त्याच्या कडेलाच माल पसरलेला असतो.

आणि पसरलेला म्हणजे खरंच जमिनीवर पसरलेला. आपल्यासारखं शेडमधे जाळ्यांवर सावलीत नाही. घड काढले की पोटॅशियम कार्बोनेट आणि ऑलिव्ह तेल पाण्यात घालून त्यात बुडवतात, आपण डिपिंग ऑइल वापरतो तिथं त्यांचं घरचं ऑलिव्ह, आणि मग काँक्रीटच्या खळ्यावर नाहीतर कागद अंथरून सरळ उन्हात. आठ-दहा दिवसांत वाळतो. म्हणून त्यांचा माल तपकिरी-सोनेरी असतो, आपल्यासारखा हिरवा नाही. एका खळ्यावरच्या काकांना मी फोनमधे आपल्या शेडचा फोटो दाखवला तर त्यांनी तो मोठा करून करून बघितला आणि शेजारच्याला हाक मारली, मग तो आला, मग अजून दोघं आले. भाषा कुणाला कळत नव्हती पण आपण मालाला देतो ती गंधकाची धुरी म्हणजे काय हे मी नाक दाबून दाखवल्यावर सगळ्यांना कळलं.

त्यांची वेल थंडीत झोपते, पानं सगळी गळतात, त्यामुळं छाटणी वर्षाला एकच. आपल्याला थंडी नाही म्हणून एप्रिल आणि ऑक्टोबर दोनदा कात्री लावावी लागते. पावसाची भीती मात्र सेम हो. आपल्याकडं मार्चमधे आभाळ आलं की जसा जीव टांगणीला लागतो तसं तिथं सप्टेंबरच्या शेवटी ढग आला की माणसं ताडपत्र्या घेऊन पळतात.

इझमीरला शेतमालाचा बाजार आहे, बोर्सा म्हणतात, १८९१ सालचा. बेदाण्याला रंगावरनं ७ ते ११ असे नंबर आहेत, व्यापारी लोक दर बोलतात तो ९ नंबरचा. तुमच्यासारख्यानं "नऊ नंबर काय चाललाय" एवढं विचारलं तरी खुर्ची मिळेल बसायला.

आता विमानाचं. मुंबईहून इझमीर एकाच तिकिटावर काढा, इस्तंबूलला बदलून, एकाच कंपनीचं. इस्तंबूल-इझमीर तासा-सव्वातासाचं विमान आहे, दिवसाला भरपूर असतात. एका तिकिटावर असलं की पहिलं लेट झालं तर पुढची जबाबदारी त्यांची, बॅगा पण परस्पर जातात. पण इथं एक गंमत आहे, पासपोर्टचा शिक्का इस्तंबूलला बसतो, तुम्ही उतरता डोमेस्टिकसारखे, आणि बॅगा मात्र इझमीरला आंतरराष्ट्रीय बाजूच्या पट्ट्यावर येतात. मी पहिल्या वेळी डोमेस्टिकच्या पट्ट्यापाशी पाऊण तास उभी होते, पट्टा बंद झाला तरी उभीच. इस्तंबूलला मधे निदान तीन तास ठेवा, विमानतळ एवढा मोठा आहे की आईंसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, त्यात लाजायचं काही नाही, लाईनपण वाचते.

आणि क्रम उलटा करू नका. लांबचं आधी, इस्तंबूल शेवटी. परतीचं विमान इस्तंबूलचं असताना आदल्या दिवशी दुसऱ्या गावात असणं म्हणजे मुलाच्या लग्नाला सकाळच्या एसटीनं निघण्यासारखं आहे. मुलगा जर्मनीतनं थेट इझमीरला येऊ शकतो, तिकडं त्यांचे लाखो लोक कामाला आहेत म्हणून विमानांची कमी नाही. तीन रात्री इझमीर, तीन इस्तंबूल. इझमीर विमानतळाच्या दारातच लोकलचं स्टेशन आहे, अर्ध्या तासात गावात. राहायचं कोनाक नाहीतर अल्सांजाकच्या बाजूला, समुद्राकाठानं सपाट फिरायला आहे, १९०१ चा घड्याळाचा मनोरा आहे, मागं केमेराल्तीचा बाजार. एक दिवस बेदाणा, एक दिवस एफेसस, म्हणजे जुन्या रोमन शहराचे अवशेष.

एफेससला सेल्चुक गावापर्यंत ट्रेन जाते. दोन फाटकं आहेत, गाडी करून वरच्या फाटकाला उतरा म्हणजे सगळा उतार मिळतो, खालनं वर चढायला लागत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा संगमरवरी रस्ता, सेल्ससच्या ग्रंथालयाची दुमजली भिंत, हजारो माणसं बसतील असं थिएटर. सावली कुठंच नाही, सकाळी आठ-साडेआठलाच पोचा, दगड पायाखाली गुळगुळीत झालेत, बूट धरणारा पाहिजे. आणि आठवण म्हणून खडा सुद्धा खिशात घालू नका, विमानतळावर सापडला तर तिथं तो गुन्हा आहे.


बेदाणेवाला:

ताई तुम्ही तर माझ्या डोक्यातलं काढून लिहिलंत. ९ नंबर वहीत लिहून ठेवला. पोराला फोन केला, जरा हिरमुसला, मग म्हणाला तुम्ही येताय ना बास.

एक विचारू का, हसू नका. येताना तिथल्या सुलतानी जातीच्या द्राक्षाच्या दोन-चार काड्या बॅगेत घालून आणल्या तर? ओल्या फडक्यात गुंडाळून. रूटस्टॉकवर कलम करून बघितली असती.


हळद_लागली:

हसत नाही पण आणू नका. झाडाचा कुठलाही जिवंत भाग आणायला आपल्या सरकारची आयात परवानगी आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर मुंबईला जप्त. एका काडीबरोबर काय येईल सांगता येत नाही, द्राक्षाच्या मुळावरच्या एका किडीनं एकोणिसाव्या शतकात आख्ख्या युरोपच्या बागा खाल्ल्यात, ती पण काड्यांबरोबरच गेली होती अमेरिकेतनं.

आणि दुसरं म्हणजे गरजच नाही. त्यांची सुलतानी आणि आपली थॉम्पसन सीडलेस ही एकच जात आहे. तुमची तास-ए-गणेश पण त्या थॉम्पसनमधनंच निवडलेली. सात तास विमानात बसून तुम्ही तुमच्याच वेलीच्या माहेरी चाललाय.


भडंगप्रेमी:

😂😂 वेलीचं माहेर. दादा साडी-चोळी घेऊन जा.


कंदीपेढा_सातारा:

व्हिसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मुलाचं सोपं आहे, त्याच्याकडं जर्मनीचं राहण्याचं परमिट आहे म्हणजे भारतीय पासपोर्टवर त्याला ई-व्हिसा ऑनलाईन मिळतो. शेंगेन, अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड ह्यांपैकी चालू व्हिसा किंवा परमिट असेल त्यालाच ही सोय. तुम्हा तिघांकडं तसं काही नसेल तर साधा स्टिकर व्हिसा, मुंबईच्या व्हिसा सेंटरला कागद द्यायचे. महिना-दीड महिना आधी करा, अगदी वेळेवर नको. पासपोर्टला सहा महिने तरी शिल्लक बघा. एखादा वेबसाईटवाला तिघांचाही ई-व्हिसा काढून देतो म्हणाला तर समजून जा, पैसे घेईल आणि विमानतळावर तुम्हाला परत पाठवतील.

माझे वडील शेतकरी, शेतीचं उत्पन्न करमुक्त त्यामुळं रिटर्नमधे आकडा काही दिसत नव्हता. आम्ही सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सातबारा इंग्रजीत भाषांतर करून, आणि माल विकल्याच्या पट्ट्या जोडल्या होत्या, झालं काम. तुम्ही सौद्याच्या पट्ट्या आणि कोल्ड स्टोरेजची पावती जोडा, मुलाचं युनिव्हर्सिटीचं पत्र आणि त्याच्या परमिटची झेरॉक्स जोडा. हॉटेल रद्द करता येणारंच बुक करा. तिकिटाचं पण तेच, व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढायच्या भानगडीत पडू नका, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

मुंबईला जायचं म्हणाल तर विमान सकाळी लवकरचं असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेसवर भरोसा ठेवून चालणारच नाही, ती सीएसएमटीला पोचेपर्यंत तुमचं विमान समुद्राच्या वर गेलेलं असेल. आदल्या दिवशी दुपारी घर सोडा. हायवेचं सहापदरी काम आमच्या साताऱ्यापासून कागलपर्यंत कधीपासून चाललंय, कुठं डायव्हर्जन लागेल सांगता येत नाही, वर खंबाटकी, वर पुणं. विमानतळाजवळ एक रात्र लॉजवर काढा, आईंची झोप होईल. विमान चुकण्यापेक्षा ते स्वस्त.


बेदाणेवाला:

महालक्ष्मीचंच डोक्यात होतं माझ्या, बरं झालं. पैशाचं कसं करायचं? आणि आईच्या जेवणाचं राहिलं. त्या आठवड्यात एकादशीपण येतीय.


पेठनाका:

इझमीर म्हणताय तर इझमीर, मी रागावलो न्हाई, फुगे काय पळून जात न्हाईत. पैशाचं, रुपये तिथं कुणी घेत न्हाई. थोडे युरो नाहीतर डॉलर रोख, बाकी कार्ड. मशीन विचारतं रुपयांत कापू का लिरात, कायम लिराच दाबायचं, रुपये दाबलं की रेट त्यांच्या मनाचा. महागाई तिथं जोरात आहे त्यामुळं दोन वर्षांपूर्वीचे भाव कुणी सांगितले तर त्यावर बजेट करू नका. टूर पॅकेज घेतलं असतं तर टीसीएस म्हणून आगाऊ कर कापला असता, तो रिटर्न भरून परत मिळतो पण तोवर पैसे अडकतात.

आणि हां, आतल्या विमानाचं वजन बघून घ्या. मुंबईहून जाताना बॅग जड चालते, पण नुसत्या आतल्या प्रवासाचं वेगळं तिकीट काढलं की साधारण १५ किलो, काही स्वस्त तिकिटांवर तेवढंपण न्हाई. इझमीर-इस्तंबूल परतीच्या तिकिटातच जोडून घ्या. मी काउंटरवर जास्तीच्या किलोचे पैसे भरलेत, सौ.नं चिनीमातीच्या ताटल्या घेतल्या होत्या.


हळद_लागली:

आईंचं जेवण अवघड नाही, फक्त शब्द दोन पाठ करा. एतसिझ म्हणजे मटण नसलेलं. मसुरीचं सूप मिळतं सगळीकडं, मेर्जिमेक म्हणतात, लिंबू पिळून आपल्या पातळ आमटीसारखंच लागतं, पण काही ठिकाणी ते हाडाच्या पाण्यात करतात म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं. माळकरी माणसाला हे आधीच सांगितलेलं बरं. इझमीरच्या बाजूला ऑलिव्ह तेलातल्या भाज्या असतात, गार खायच्या, भेंडी, चवळीच्या शेंगा, वांगी. गोझलेमे म्हणजे पालक किंवा बटाटा भरलेला पातळ पराठाच समजा, बाया रस्त्यावर लाटत बसलेल्या असतात, आईंना तिथनं उठवून आणावं लागेल.

आणि सारमा नक्की खा. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून शिजवतात. आपण पानं विरळून बांधावर टाकतो, ते बरण्या भरून खारवून ठेवतात आणि विकतात. फक्त मटण घातलेलंपण असतं, विचारून घ्या. घरी येऊन आपल्या बागेतल्या पानांवर हा प्रयोग करू नका, आपण काय काय फवारतो ते तुम्हालाच माहीत. पेकमेझ म्हणून द्राक्षाची काकवी मिळते, तिळाच्या कुटात कालवून सकाळी पावाबरोबर खातात.

एकादशीला काळजी नको. दही, उकडलेला बटाटा, अक्रोड, आणि सप्टेंबर म्हणजे ताज्या अंजिरांचा सीझन, शेजारचा आयदिन जिल्हा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. साबुदाणा भिजवून नेऊ नका म्हणजे झालं, माझ्या एका मैत्रिणीच्या आईनं नेला होता, हातातल्या बॅगेत, सुरक्षा तपासणीला त्या पांढऱ्या गोळ्यांवरनं वीस मिनिटं गेली.


मिरजेची_सतार:

इस्तंबूलच्या तीन दिवसांत वाद नको म्हणून माझं थोडक्यात. तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, ग्रँड बझार रविवारी बंद, शुक्रवारी दुपारी मशिदीत पर्यटकांना सोडत नाहीत, एवढं धरून दिवस लावा. आया सोफिया ५३७ साली बांधून झालं, चर्च होतं, १४५३ नंतर मशीद, मग म्युझियम, २०२० पासून परत मशीद. २०२४ पासून परदेशी माणसाला वरच्या सज्ज्यात जायला २५ युरो लागतात. समोरची निळी मशीद फुकट आहे, बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. जमिनीखालचं पाण्याचं टाकं आहे तिथं, ३३६ खांबांचं, उन्हाचं तिथं गार वाटतं.

क्रूझवाले मागं लागतील, लागू द्या. एमिन्योनूवरनं उस्कुदारची साधी सरकारी बोट घ्या, गावातल्या ट्राम-मेट्रोचं जे कार्ड असतं त्याच्यावरच चालते, पंधरा-वीस मिनिटांत युरोपातनं आशियात, वर चहा आणि तीळ लावलेला कड्यासारखा गोल पाव, सिमित. आईंना वर उघड्यावर बसवा.

आणि माझ्या स्वार्थाचं एक. गलाता बुरुजाजवळ एक उताराची गल्ली आहे, गालिप देदे नावाची, दोन्ही बाजूला सगळी वाद्यांची दुकानं. मी मिरजेत तारांच्या वाद्यांच्या गल्लीत वाढलोय, तिथं गेल्यावर वासानंच कळलं, लाकूड आणि पॉलिश. गल्लीच्या वरच्या टोकाला सूफी संत मौलाना रूमींच्या पंथाचा मठ आहे, १४९१ सालचा, आता म्युझियम आहे. तिथल्या दुकानात झांजा बघायला विसरू नका. चारशे वर्षांपासून इस्तंबूलच्या झांजांचं नाव आहे, ब्राँझ ठोकून ठोकून करतात. आईंनी टाळ वाजवलेला असणार, त्यांच्या हातात द्या आणि काय म्हणतात ते इथं येऊन लिहा.


कृष्णाकाठ:

मी जाणार नाही ते नाहीच. पण दादा तुम्ही गेलातच तर त्यांना एकरी किती टन माल निघतो आणि मजुरी काय देतात तेवढं विचारून या.


बेदाणेवाला:

विचारून येतो दादा, आणि तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो.

ठरलं मंडळी. इझमीर ३, इस्तंबूल ३, जाताना थेट इझमीरपर्यंत एकच तिकीट, विमानतळाचं नाव दोनदा वाचलं. सौद्याच्या पट्ट्या शोधायला कपाट उपसलंय, त्यात २०१९ ची एक न वटलेली पट्टी सापडली, तो वेगळा विषय. आईला म्हणलं एफेससला दोन-अडीच किलोमीटर चालायला लागंल, उन्हात, जमंल का? तर माझ्याकडं बघून म्हणाली, आळंदीपास्नं पंढरपूरला कोण गेलं होतं, तुझा बाप का मी? दगड घसरतात म्हणून बूट घे म्हणलं तर ते मात्र ऐकलं. आत्ता त्यासाठीच मिरजेला निघालोय, स्कूटरवर मागं बसलीय, विचारतीय झांजा कितीला पडतील म्हणून.